ठोकलेली पिकअप घेऊन कमी खर्चात डोंगरवाटेची गाडी कशी उभी करावी

"अ‍ॅक्सिडेंटची गाडी घेतोय" म्हटलं की घरचे आधी गप्प होतात आणि संध्याकाळपर्यंत सासरेबुवांचा फोन येतो. त्यांचंही बरोबरच आहे. चुकीची ठोकलेली गाडी घेतली तर ती अंगणात ताडपत्री पांघरून वर्षानुवर्षं उभी राहते. योग्य ठोकलेली घेतली, तर शोरूममधल्या नव्या फोर बाय फोरच्या (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीच्या) किमतीच्या एका तुकड्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या चिखलात बिनघोर घालता येईल अशी गाडी मिळते. नाशिककडची मंडळी मला हाच रस्ता विचारत असतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच हिशेब आहे. पैसा आधी सांगाड्यात घालायचा, मग टायरमध्ये, मग अडकलेली गाडी बाहेर काढायच्या सामानात. उरला तर दिखाव्यात, आणि तो बहुतेक उरत नाही.

१. कोणती पिकअप शोधायची

आपल्याकडे जुन्या बाजारात फोर बाय फोर पिकअप मोजक्याच, मुख्यतः या: इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे, बोलेरो कॅम्परची फोर व्हील ड्राइव्ह आवृत्ती आणि टाटा झेनॉन. या गाड्या टू व्हील ड्राइव्हमध्येही निघाल्या. म्हणून मागच्या फाळक्यावरच्या '४x४' या स्टिकरवर जाऊ नका. गाडीखाली आडवे व्हा. ट्रान्सफर केसमधून (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) पुढच्या डिफरन्शियलकडे (दोन चाकांमधला गिअरचा गोळा) जाणारा शाफ्ट जागेवर आहे का बघा. ठोकलेल्या गाडीतून पुढचा शाफ्ट आणि अ‍ॅक्च्युएटर (फोर बाय फोर जोडणारा भाग) काढून विकलेला असणं नवलाचं नाही.

नाशकात महिंद्राच्या गाड्यांचं एक सुख आहे. सातपूरला कारखानाच असल्यामुळे त्यांना हात लावणारा मिस्त्री गल्लोगल्ली मिळतो. बोलेरो-स्कॉर्पिओशी सामायिक असलेले पार्ट रविवारीसुद्धा हाती लागतात. व्ही-क्रॉस वाटेवर जास्त सरस, लांबच्या प्रवासाला जास्त आरामाची, पण तिचा एखादा सेन्सर किंवा हेडलाइट मागवला की वाट बघावी लागते. शिवाय ती साधारण ५.३ मीटर लांब आहे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३,०९५ मि.मी. जुन्या नाशकातल्या बोळात किंवा बांधावरच्या आखूड वळणावर ही लांबी जाणवते. उंचवट्यावरून जाताना पुढची चाकं पार होतात, मागची अलीकडेच असतात आणि पोट टेकतं, हेही त्यामुळेच.

पहिलीच गाडी असेल आणि हात आखडता असेल, तर मी गेटअवे सुचवेन. हातात थोडे जास्त पैसे आणि धीर असेल तर व्ही-क्रॉस. टू व्हील ड्राइव्ह घेऊन नंतर फोर बाय फोर बसवायचा विचार डोक्यातून काढून टाका. पार्ट, मजुरी आणि आरटीओ, तिन्हीकडे पैसा आणि मनस्ताप.

२. कशी ठोकलेली चालेल, कशी नको

मागून ठोकलेली पिकअप सगळ्यात उत्तम. मागचा माल ठेवायचा हौदा चेसिसवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) नटबोल्टनं बसवलेला असतो. तो चेपला तर उतरवून दुसरा चढवता येतो, केबिनला धक्काही लागत नाही. फक्त मागच्या पाट्यांचे (पट्टीच्या स्प्रिंगचे) हँगर आणि चेसिसची शेपटी वाकली नाही ना, हे पाहायचं.

समोरून मध्यम ठोकलेली चालते. रेडिएटर, कंडेन्सर, इंटरकूलर, पंखा, बॉनेट, बंपर, लाइट ही यादी लांब असली तरी ते सगळे बदलायचे भाग आहेत. पण एअरबॅग फुटल्या असतील तर हिशेब बदलतो. बॅगा, त्यांचा कंट्रोल युनिट, स्टिअरिंगमधली कॉइल, सीटबेल्ट आणि डॅशबोर्ड असं सगळं एकदम येतं. दुरुस्त करून विकायला काढलेल्या गाडीत एक सोपी तपासणी करा. चावी ऑन केली की एअरबॅगचा लाल दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर कुणीतरी दिवाच काढून ठेवला आहे असं समजा.

पलटी झालेली गाडी केबिन फारशी चेपली नसेल तर स्वस्तात मिळते. मात्र इंजिन उलटं असताना चालू राहिलं असेल तर तेल भलतीकडे गेलेलं असतं. अशी गाडी स्टार्ट मारून दाखवायला सांगू नका. आधी हातानं क्रँक पुली फिरवून बघा.

दोन प्रकारांना मात्र लांबूनच नमस्कार. एक जळालेली आणि दुसरी पुरातली. गोदावरीला ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये मोठे पूर आले, आणि पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून पुढे विकल्या जातातच. सीटच्या रुळांवर गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर खालच्या टोकाला मातीची रेघ, फ्यूजबॉक्सच्या पिनांवर हिरवट पूड यातलं एक जरी दिसलं तरी चहा पिऊन परत या. वायरिंग काही महिन्यांनी सडतं आणि दर आठवड्याला वेगळा दिवा लागतो.

३. गाडीच्या आधी कागद

लोक सगळ्यात जास्त इथे फसतात, म्हणून इथे घाई करू नका.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर जात असेल तर विमा कंपनी तिला 'टोटल लॉस' धरते आणि ती मोडकी गाडी लिलावात जाते. लिलावाच्या यादीत 'विथ आरसी' आणि 'विदाउट आरसी' असे दोन प्रकार दिसतील. दुसरा प्रकार फार स्वस्त दिसतो, कारण ती गाडी नाहीच, ते पार्ट आहेत. नोंदणी रद्द झालेली गाडी पुन्हा रस्त्यावर येत नाही. "आरसीचं बघू नंतर, माझी ओळख आहे" असं कुणी म्हणालं की त्या ओळखीचा पत्ता न विचारता निघा.

पैसे देण्याआधी हे सगळं स्वतः तपासा:

- वाहन पोर्टलवर नंबर टाकून आरसी 'अ‍ॅक्टिव्ह' आहे का, काळ्या यादीत आहे का, कर्जाचा बोजा आहे का.
- ई-चलनाची थकबाकी. ती भरल्याशिवाय पुढची कामं अडतात.
- चेसिस नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवरून वाचून आरसीशी ताडून बघणं. पोर्टलवर अर्धे अंक झाकलेले असतात, त्यावर समाधान मानू नका.
- चोरीच्या नोंदीसाठी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या) ऑनलाइन सेवेतून मिळणारी वाहन एनओसी.
- विम्याचा सर्व्हे रिपोर्ट, मिळाला तर. गाडीला काय काय लागलं होतं ते त्यात ओळीनं लिहिलेलं असतं. विकणाऱ्याच्या तोंडी कहाणीपेक्षा तो कागद खरा.

चेसिस नंबर बहुतेक पिकअपमध्ये उजव्या हाताच्या रेलवर (चेसिसच्या लांब तुळईवर), पुढच्या चाकाच्या आसपास ठोकलेला असतो. धक्का नेमका तिथेच बसला असेल, तर ती गाडी सोडा. नंबराचा भाग कापता येत नाही, घासता येत नाही, आणि तो वाचता येईना झाला तर पुन्हा ठोकून घ्यायला आरटीओची परवानगी लागते. त्या फेऱ्यांत तुमचा उन्हाळा संपेल.

नावावर करायला लागणारे कागद: मूळ आरसी, विकणाऱ्याच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३०, चालू विमा, पीयूसी, दोघांची ओळखपत्रं आणि तुमच्या पत्त्याचा पुरावा, पॅन, चेसिस नंबरची पेन्सिल छाप. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. लिलावातून घेतली असेल तर विमा कंपनीचं विक्रीपत्रही. घेणाऱ्यानं हस्तांतराचा अर्ज ३० दिवसांच्या आत करायचा असतो. आपलं एमएच-१५ चं कार्यालय पेठ रोडला आहे. अर्ज ऑनलाइन भरता येतो, तरी मूळ कागदांची फाइल बरोबर ठेवा.

पांढरी प्लेट की पिवळी, हे सौदा करतानाच बघा. कॅम्पर आणि इतर बऱ्याच पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेल्या असतात. पिवळ्या प्लेटला फिटनेस लागतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी एकदा आणि त्यानंतर दरवर्षी. खासगीत बदलायची तर वेगळा अर्ज आणि कराचा फरक. "नंतर करून घेऊ" हे मनात धरायला हरकत नाही, पण त्याचे पैसे आजच्या किमतीतून वजा करून घ्या.

गुजरातची किंवा दिल्लीकडची स्वस्त डिझेल गाडी मोहात पाडते. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो आणि वयानुसार इथला करही भरावा लागतो. तो धरल्यावर स्वस्ताई किती उरते ते कागदावर मांडून बघा.

४. ओळंबा, खडू आणि टेप

चेसिस सरळ आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी महागडं मशीनही लागत नाही. गवंड्याचा ओळंबा, खडू, सूतदोरी आणि स्टीलचा टेप एवढं पुरतं.

सपाट सिमेंटच्या जमिनीवर गाडी चार सारख्या उंचीच्या स्टँडवर घ्या. चेसिसच्या दोन्ही बाजूंना एकमेकांसमोर असलेले कारखान्याचे बिंदू निवडा: पुढच्या आर्मचा बोल्ट, केबिनचे माउंटिंग, मागच्या पाट्याचा हँगर. प्रत्येक बिंदूतून ओळंबा सोडा, तो स्थिर होऊ द्या, टोकाखाली खडूची फुली मारा. सगळ्या फुल्या झाल्या की गाडी बाजूला काढा. आता जमिनीवर तुमच्या चेसिसचा नकाशा आहे. समोरासमोरच्या जोड्यांचे कर्ण मोजा. डावा पुढचा ते उजवा मागचा, आणि उजवा पुढचा ते डावा मागचा. दोन्ही सारखे यायला हवेत. मग प्रत्येक जोडीचा मध्यबिंदू काढून सूतदोरी ताणा. सगळे मध्य एका दोरीवर बसले पाहिजेत.

कर्णात पाच मि.मी.पर्यंत फरक असेल तर मी पुढे जातो. सेंटिमीटरच्या वर गेला तर सौदा मोडतो, किंमत कितीही उतरवली तरी. कर्ण वेगळे पण मध्य ओळीत असतील तर चेसिसची शंकरपाळी झाली आहे, म्हणजे एक रेल पुढे सरकली आणि एक मागे राहिली. मध्य दोरी सोडून एका बाजूला पळत असतील तर नाक वळलेलं आहे. ओळंब्यानं उंचीतला दोष दिसत नाही. त्यासाठी दोन्ही रेलना खालून पाण्याची नळी लावून पातळी बघा. एका टोकाला डावी वर आणि दुसऱ्या टोकाला उजवी वर, असं असेल तर पीळ बसला आहे. पीळ काढणं सगळ्यात अवघड.

विकणारा एवढं मोजू देत नसेल, तर निदान दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजा. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. डावा-उजवा फरक बोटभर निघाला तर उत्तर तिथेच मिळालं.

आणखी एक. जुन्या गाडीच्या खाली नवाकोरा काळा अंडरकोट (गंज रोखायचा लेप) दिसला तर तो पाहून खूश होऊ नका. किल्लीनं खरवडा. खाली बहुतेक वेळा वेल्डिंगचा जोड सापडतो.

५. पैशांची वाटणी

रकमा सांगण्यात अर्थ नाही, बाजार दर महिन्याला हलतो. वाटणी सांगतो. तुमच्याकडे शंभर रुपये असतील तर गाडीच्या खरेदीला आणि नावावर करण्याला मिळून पन्नासच्या वर जाऊ नका. वीस सांगाडा आणि यांत्रिक कामाला. पंधरा टायरला. पाच ओढण्याच्या सामानाला. दहा बाजूला बांधून ठेवा, कारण बॉनेट उघडल्यावर सर्व्हे रिपोर्टमध्ये नसलेलं काहीतरी निघतंच.

या शंभरात विमा धरलेला नाही. थर्ड पार्टी सक्तीचा आहे. १,५०० सीसीवरच्या खासगी मोटारीसाठी जून २०२२ मध्ये ठरलेला वार्षिक दर ७,८९७ रुपये अधिक कर असा होता. पूर्ण विमा हवा असेल तर दुरुस्तीनंतर कंपनीचा माणूस गाडी बघायला येतो. त्याच्यासाठी दुरुस्तीची बिलं आणि फोटो जपून ठेवा.

६. सरळ करणं आणि वेल्डिंग

अंबड आणि सातपूर एमआयडीसी जवळ असणं हे नाशिकच्या माणसाचं भाग्य आहे. लेझर कटिंग, बेंडिंग, चांगला मिग वेल्डर, सगळं हाकेच्या अंतरावर. पण चेसिस सरळ करायला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नका नेऊ. हायड्रॉलिक ओढ असलेल्या डेंटिंगवाल्याकडेच न्या.

चेसिस थंडच ओढायची. गॅस कटरनं लाल करून ठोकली की ती पटकन सरळ होते खरी, पण तेवढ्या भागातलं पोलाद मऊ पडतं आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात पुन्हा तिथेच वाकतं. मिस्त्री जुना असेल तर त्याला शिकवायला जाऊ नका, फक्त आधीच विचारा. माझ्या ओळखीचे डेंटिंगवाले चाचा याचं उत्तर फार छान देतात: "भाऊ, गरम करून दिली तर संध्याकाळी नेशील, थंड ओढली तर चार दिवस लागतील. घाई तुला आहे, गाडीला नाही."

वेल्डिंग करायचं असेल तर तीन गोष्टी. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) सॉकेटही सोडवा, नाहीतर वेल्डिंगचा करंट नको तिथून जातो. वेल्डिंग मशीनची अर्थ वायर वेल्डिंगच्या जागेजवळच लावा. आणि जोडावर पट्टी मारायची तर ती चौकोनी न मारता टोकांना निमुळती मारा. चेसिसला काटकोनात सरळ आडवा टाका मारला की तडा बरोबर त्याच रेषेत जातो.

७. यांत्रिक काम, थोडक्यात

इंजिनात आधी बघायचं ते धडकेनंतर काय झालं. रेडिएटर फुटल्यावरही गाडी चालवत घरी आणली असेल तर हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) गेल्याची शंका धरा. कूलंटमध्ये तेलाचा तवंग, ऑइल कॅपखाली दुधाळ चिकटा, किंवा थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या पाइपला दगडासारखा ताण, ही लक्षणं.

ब्रेकचे पाइप, पॅड, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, बुश, शॉकअप हे सगळं नवं किंवा नव्यासारखं करा. इथे जुन्या बाजारातला माल नको. हौदा, दार, आरसे, सीट, रिम जुन्यात घ्या, बिनधास्त. पूर्वी या सगळ्यासाठी लोक अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजारात जात. तिथे महापालिकेनं २०१७ मध्ये मोठी कारवाई केली. माल कुठूनही घेतला तरी बिल घ्या. इंजिन तर बिलाशिवाय फुकट मिळालं तरी घेऊ नका. इंजिन बदललं की आरसीवर नंबर बदलून घ्यावा लागतो आणि तिथे पहिला प्रश्न "कुठून आणलं?" हाच येतो.

फोर बाय फोर मातीतच तपासा. कोरड्या डांबरावर पार्ट टाइम (गरजेपुरतं लावायचं) फोर बाय फोर लावून गोल फिरवली तर गाडी आखडते आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. मुरमाच्या मोकळ्या जागेत फोर हाय (नेहमीच्या वेगाचं) लावा, मग पूर्ण थांबून न्यूट्रलमध्ये फोर लो (कमी वेग, जास्त ताकद). लो लागल्यावर पहिल्या गिअरमध्ये गाडी क्लच पूर्ण सोडूनही माणूस चालतो त्या वेगानं पुढे सरकली पाहिजे.

८. टायर

वाटेवर गाडीचा फरक सगळ्यात जास्त कशानं पडत असेल तर टायरनं. नाशिकच्या आसपास तीन प्रकारची जमीन एका दिवसात भेटते. काळ्या बेसॉल्टचे धारदार दगड, मुरूम, आणि पावसात काळी माती. दगडासाठी टायरची बाजू जाड हवी. काळ्या मातीसाठी खाचा रुंद हव्यात, नाहीतर एका फेऱ्यात टायर गुळगुळीत होतो. रोजच्या वापराची गाडी असेल तर ऑल टेरेन (रस्ता आणि माती दोन्हीसाठीचे) घ्या. मड टेरेन (खास चिखलाचे) डांबरावर आवाज करतात, ओल्या रस्त्यावर ब्रेक लांबवतात. घाटात ते परवडत नाही.

साइज फार वाढवू नका. २४५/७० आर१६ च्या जागी २४५/७५ आर१६ घातला तर टायरचा व्यास साधारण २४ मि.मी. वाढतो आणि गाडी १२ मि.मी. उंच होते. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा खरा वेग ६२ असेल. एवढं पुरे. त्याहून मोठा टायर कमानीत घासतो, गिअर जड पडतो, आणि कंपनीनं दिलेल्या मापांच्या बाहेर गेलात की कायद्याचा प्रश्न वेगळाच.

जिथे मोठा टायर घालावासा वाटतो तिथे हवा कमी करून बघा. चिखलात आणि दगडात १८-२० पीएसआयवर तीच गाडी वेगळी वागते, टायर पसरतो आणि पकडतो. डांबरावर येताच पुन्हा भरा. म्हणून प्रेशर गेज आणि बॅटरीवर चालणारा पंप आधी, बाकी फॅशन नंतर. रिकाम्या पिकअपची शेपटी हलकी असते, तेव्हा मागची हवा पुढच्यापेक्षा थोडी आणखी कमी ठेवली तर मागची चाकं उड्या मारत नाहीत.

९. पोटाखालचा पत्रा आणि ओढायचे हुक

सम्प (इंजिन ऑइलचं खालचं भांडं), ट्रान्सफर केस आणि डिझेल टाकी यांच्याखाली पत्रा हवा. चार मि.मी. जाडीचा माइल्ड स्टीलचा पत्रा पुरतो. एक चौरस मीटरला ३१ किलोच्या वर वजन भरतं, त्यामुळे जिथे गरज आहे तिथेच लावा, अख्ख्या गाडीला चिलखत नको. पुठ्ठ्याचा नमुना कापून अंबडला न्या, लेझरवर कापून बेंड करून देतात. तीन सूचना द्या: पुढची कड वर वळवलेली हवी, ऑइल काढायच्या बोल्टसमोर भोक हवं, आणि चिखल पडून जायला खाचा हव्यात. बोल्ट ८.८ ग्रेडचे. डोकी पत्र्यात बुडतील अशी, नाहीतर पहिला दगड ती घासून टाकतो आणि पुढच्या सर्व्हिसला मिस्त्री कटर काढतो.

ओढायचे हुक पुढे एक, मागे एक, थेट चेसिसला. कारखान्यातून आलेला छोटा गोल हुक ट्रकवर चढवून बांधण्यासाठी असतो, चिखलातून हिसका मारण्यासाठी नाही. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) तर दोर कधीच लावू नका, तो तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो. सामान: गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट ताकदीचा पट्टा, ४.७५ टनी बो शॅकल (पट्टा हुकाला जोडायच्या लोखंडी कड्या) दोन, फावडं, जाड लाकडी फळी, हातमोजे. शॅकल क्रेनचं सामान विकणाऱ्याकडून घ्या, त्यावर टनाचा आकडा उठवलेला असतो. ओढताना पट्ट्याच्या मध्यावर ओलं पोतं टाका आणि बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब उभं करा. विंच (गाडी ओढणारं दोराचं चाक) पहिल्या वर्षी नको. तेवढ्यात दुसरी गाडी बरोबर न्यायची सवय लावा.

१०. ब्रीदर

या यादीतलं सगळ्यात स्वस्त काम हेच, आणि लोक विसरतात तेही हेच. डिफरन्शियलच्या हौजिंगवर हवा जायला-यायला छोटी टोपी असते. चालून तापलेलं हौजिंग नदीच्या गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी सीलमधून आत खेचलं जातं. पुढच्या वेळी बोल्ट उघडला की तेलाच्या जागी चहाच्या रंगाचं दुधाळ पाणी. दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरना रबरी नळ्या जोडा, त्या बॉनेटखाली उंच नेऊन बांधा, टोकाला छोटा फिल्टर लावा. झालं. हे करण्याआधी पाण्यात घातली असेल तर तेल बदला, "बघू" म्हणू नका.

११. कायद्याच्या बाजूनं काय करू नये

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच ठामपणे सांगितलं. दंड प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लोखंडी बुल बारविरुद्ध (गाडीच्या नाकावरच्या कठड्याविरुद्ध) केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहिलं होतं. चालणाऱ्या माणसाला तो घातक आहेच, शिवाय धडकेची ताकद सरळ चेसिसवर नेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरला चकवतो. ज्या चेसिससाठी एवढा खटाटोप केला तिच्याच नाकावर हे का बांधायचं?

गाडी उंच करायच्या लिफ्ट किटचंही तेच. पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) असलेल्या गाड्यांत बोल्ट आवळून नाक उचलायची युक्ती गॅरेजमध्ये हमखास सुचवली जाते. त्यानं एक्सलचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतात आणि जॉइंट जातात. कंपनीच्या मापाचे ताजे पाटे आणि शॉकअप घातले की बसलेली गाडी आपोआप वर येते. रंग बदलायचा असेल तर आधी आरसीवर नोंद. धडकेत नंबर प्लेट गेली असेल तर एचएसआरपी (सरकारमान्य सुरक्षा प्लेट) नव्यानं मागवा, पेंटरकडून लिहून घेऊ नका.

१२. पहिली फेरी

गाडी तयार झाली की थेट डोंगरात नेऊ नका. आधी आठवडाभर शहरात, मग ओळखीच्या शेतातल्या गाडीवाटेवर, मालकाला विचारून. प्रत्येक फेरीनंतर पत्र्याचे, हुकांचे आणि पाट्यांच्या यू-बोल्टचे नट पान्यानं तपासा. नवं काम पहिल्या काही फेऱ्यांत सैल होतंच.

कुठे जाऊ नये तेही माहीत असू द्या. बोरगड आणि अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, भंडारदऱ्याकडे गेलात की कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य लागतं. तिथे मळलेला रस्ता सोडून गाडी घालायची नाही. वनखात्याच्या इतर जमिनीतही परवानगीशिवाय नाही. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात भातखाचरांचे बांध चिखलात ओळखू येत नाहीत, आणि एका चाकानं फुटलेला बांध म्हणजे त्या घरचं पाणी गेलं. चाकोरी सोडू नका.

अनोळखी वाटेवर गावातल्या माणसाला थांबून विचारा: "काका, पुढं गाडी जाती का?" उत्तर "जाती की" असं आलं तर विचारा, कोणती. "ट्रॅक्टर जातो" म्हणाले तर उतरून अर्धा किलोमीटर पायी बघून या. "मोटारसायकल जाती" म्हणाले तर तिथूनच गाडी वळवा, आणि वळवायला जागा कुठे आहे तेही काकांनाच विचारा.